तापणाऱ्या गाडीत थंडीचा कोड: आंबा घाटातल्या एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी मासळीची. संध्याकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माल आणि बर्फ भरायचा, साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढायचा, मलकापूरवरून पहाटेच्या आत कोल्हापूर गाठायचं. साधारण १३० किलोमीटर. येताना भरलेली गाडी आणि चढ, जाताना रिकामे क्रेट आणि उतार. म्हणजे इंजिनाचा सगळा जीव एकाच खेपेत निघतो. गुऱ्हाळं पेटली की मधल्या दिवसांत हीच गाडी गुळाचे रवे मार्केट यार्डात आणून टाकते. हे गुऱ्हाळाचं पुढं कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

२०१८ ची डिझेल पिकअप, बीएस-४. टर्बो आहे, त्यामुळं पुढं टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याच्या मागं रेडिएटर आणि मागं इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा विस्कस क्लचचा (गरम झाल्यावरच पंख्याला घट्ट धरणारा) पंखा. रेडिएटरचा कोअर (नळ्यांची जाळी) ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या. मालकाची ओळख पटेल असा तपशील इथं ठेवलेला नाही.

तक्रार

एप्रिलचा शेवटचा आठवडा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजच्या दारात सकाळी गाडी उभी राहिली आणि ड्रायव्हरबरोबर मालकही उतरले. ड्रायव्हर एकटा आला तर काम किरकोळ असतं. मालक स्वतः आले म्हणजे आधी कुठंतरी पैसे घालून बसलेत.

"गावात फिरवा, हायवेला ऐंशीनं पळवा, काय न्हाई," मालक म्हणाले. "घाट लागला की तापालीया ओ मिस्त्री. दोनदा पाणी फेकलं."

ड्रायव्हर वयस्कर, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांनी सीटखालून घडी घातलेलं बारदान काढून दाखवलं. गाडी तापली की ते भिजवून रेडिएटरच्या झाकणावर टाकायचं आणि हळूहळू झाकण फिरवायचं, अशी त्यांची रीत. गरम गाडीचं झाकण उघडूच नये हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बारदान पुन्हा सीटखाली सारलं.

दोन वर्षांत तीन गॅरेजं झाली होती. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवी, वरचा-खालचा होज पाइप नवा, पट्टा नवा. बिल एकाचंही नाही. शेवटच्या ठिकाणी हेड पॅकिंग (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय असं सांगून तीस-पस्तीस हजारांचा अंदाज दिला होता. मालक मनानं तिथंच पोचलेले होते.

"हेडच उतरवा एकदाचं. रोजची कटकट नको."

"ॲव्हरेज पण उतरलंय," मामा जाता जाता म्हणाले. मी ते जॉबकार्डवर लिहिलं आणि विसरून गेलो.

समोरचे पर्याय

पहिला रस्ता मालक सांगत होते तो: हेड उतरवा, फेसिंग करा (हेडचं तोंड घासून सपाट करा), पॅकिंग घाला. उद्यमनगरात हे सोपंही आहे, फेसिंगवाला आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. पण चार दिवस गाडी उभी. दुसरा रस्ता म्हणजे सरळ नवा रेडिएटर टाकून मोकळं व्हायचं. तिसरा, एक दिवस गाडी ठेवून घेऊन नुसतं मोजायचं, काहीही न बदलता.

मालकांची घाई खोटी नव्हती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मे महिना म्हणजे बंदीआधीचा शेवटचा महिना. त्यातला एकेक दिवस गाडी उभी राहिली की खेप दुसऱ्याची.

मी तिसरा रस्ता धरला तो तक्रारीच्या शब्दांवरून. गाडी कुठं तापते यातच अर्धं निदान असतं. हायवेला ऐंशीच्या वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, पंखा नसला तरी चालतं. तिथं गाडी तापत असेल तर पाण्याची बाजू बघायची: चोंदलेला कोअर, खराब वॉटर बॉडी, आतून मिटणारा होज. सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंखा. घाटात मात्र दोन्हीचं ओझं एकदम पडतं. इंजिन पूर्ण जोर लावतंय, गाडी वीस-पंचवीसनं रांगतेय, समोरून वारा नाही. जी काही हवा खेचायची ती पंख्यानं. हेड पॅकिंग गेलेली गाडी सहसा इतकी शहाणी नसते. ती हायवेलाही पाणी ढकलते, सकाळी चालू करताना पांढरा धूर सोडते, होज दगडासारखा कडक करते. यातलं काहीच नव्हतं.

हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "एक दिवस. उद्या संध्याकाळी गाडी पायजे."

मोजमाप

गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी स्टार्ट करून वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट जागेवर असला तर हा होज बराच वेळ थंड राहतो, कारण ८२ अंशांच्या आसपास मेणाची गोळी फुगून दार उघडेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जातच नाही. मग एकदम चटका बसतो. इथं दोन मिनिटांतच होज कोमट व्हायला लागला.

स्कॅनर लावला तर साठवलेला कोड निघाला: पी०१२८. याचा अर्थ, इंजिन जितकं गरम व्हायला हवं तितकं होत नाही. गॅरेजातलं पोरगं हसायला लागलं. तापते म्हणून आणलेल्या गाडीत थंडीचा कोड! मला मात्र तेव्हा मामांचं ॲव्हरेजचं वाक्य आठवलं. इंजिन सपाटीला थंड चालतंय, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा डिझेल देतोय.

थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे दोन बोल्ट काढले. आत थर्मोस्टॅटच नव्हता. कुणीतरी काढून टाकला होता, नुसतं पॅकिंग लावून झाकण बंद. मालकांना याचा पत्ता नव्हता.

थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही, ही आपल्याकडं घट्ट बसलेली समजूत आहे. वीस वर्षांपूर्वी मीही काढलेत. पण या जातीच्या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन दारं असतात. वरचं दार रेडिएटरकडची वाट उघडतं, आणि त्याच वेळी खालची चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की वरची वाट कायम उघडी राहते, पण बायपासही कायम उघडा राहतो. मग इंजिनातून निघालेल्या गरम पाण्यातला एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न बघता पंपाकडं वळून पुन्हा इंजिनात. सपाटीला उष्णता कमी, म्हणून गाडी गरजेपेक्षा थंड. घाटात उष्णता जास्त आणि पाणी अर्धवट निवलेलं, म्हणून गाडी गरम. एकाच चुकीची दोन तोंडं.

हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर स्क्रूड्रायव्हर घासला तर पांढरट-तांबूस पापुद्रा निघाला, नखाएवढा जाड. बोअरचं पाणी. गिझरच्या कॉइलवर जमतो तोच क्षार. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव उलटा आहे. पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं, म्हणून ते बरोबर सगळ्यात तापलेल्या जागी, एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, जाऊन बसतं. बिडाच्या मानानं हा थर उष्णता साधारण पंचवीस पटीनं कमी वाहतो. एक मिलिमीटर क्षार म्हणजे मध्ये इंचभर जादा बीड ओतल्यासारखंच.

मग रेडिएटरचं झाकण. टेस्टरवर लावलं. छापलेलं ०.९ बार, धरलं जेमतेम ०.४. इथं नुसतं "झाकण वीक" म्हणून पुढं जाता येतं, पण त्याचा हिशेब सांगण्यासारखा आहे. आपल्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. ०.९ बार दाब राहिला तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं, आणि ०.४ वर १०८ ला. म्हणजे घाटातले दहा अंश त्या शंभर-दीडशे रुपयांच्या झाकणानं खाल्ले होते. कूलंट निम्मं-निम्मं मिसळलेलं असतं तर वर आणखी सात-आठ अंश मिळाले असते. या गाडीत नुसतं बोअरचं पाणी होतं, हिरवा रंग फक्त बाजूच्या बॉटलमध्ये.

हेडचं काय? सिस्टीमला हातपंपानं एक बार दाब दिला, पंधरा मिनिटांत काटा हलला नाही. इंजिन गरम करून रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर धरला. पॅकिंग गेलं असेल तर जळलेला वायू पाण्यात येतो, आणि यातलं निळं द्रावण त्यातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की रंग बदलतं. पेट्रोलला पिवळं, डिझेलला हिरवट. तीन मिनिटं रेस केली. निळंच. ऑइल स्वच्छ. ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत फिरवलेला धूर पाण्यानं थंड करणारा भाग) पाणी जातंय का तेही बघितलं, कारण बाहेर थेंब न दिसता पाणी कमी व्हायची ती दुसरी वाट असते. तिथंही काही नाही.

इन्फ्रारेड गननं कोअर तपासला. (चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन खोटं बोलते, जिथं मोजायचं तिथं काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची आणि टेपवर नेम धरायचा.) वरची टाकी ८९. खाली येता येता तापमान उतरत ७५ पर्यंत. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या भागात, एकदम ५२. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

शेवटी इंटरकूलर सैल करून पुढं ओढला. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधली दोन बोटांची फट चिपाडाच्या भुशानं, पाचटाच्या तुकड्यांनी आणि मातीनं भरली होती. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ. हे गुऱ्हाळाचं देणं. प्रत्येक हंगामात थोडं थोडं, आणि बाहेरून कितीही प्रेशरनं धुतलं तरी त्या फटीत पाणी पोचत नाही, उलट भुसा आणखी आत बसतो.

पंखा हातानं फिरवून बघितला. जड लागला. म्हणून जॉबकार्डवर "विस्कस ओके" लिहिलं. या दोन शब्दांकडं पुन्हा यायचं आहे.

पहिली दुरुस्ती

हेड उतरवायचं नाही, हे आता सरळ होतं. मालकांना निळं द्रावण डोळ्यांनी दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला. खरा प्रश्न रेडिएटरचा होता.

जुन्या पितळी रेडिएटरच्या टाक्या डागावरून काढून नळ्यांत सळी घालता यायची, रोडिंग म्हणतात ते. प्लॅस्टिक टाकीवाल्या ॲल्युमिनियम कोअरला ते नीट जमत नाही. टाकीच्या कडेची दुमडलेली पट्टी एकदा उलगडली की परत तशी बसेलच असं नाही. काही ठिकाणी कॉस्टिक सोडा घालून धुतात. कॉस्टिक क्षाराआधी ॲल्युमिनियमच खातो. उरलं सायट्रिक ॲसिड. ते मऊ असतं, वेळ घेतं, पण जुना घट्ट क्षार सगळा काढत नाही.

मी नवा रेडिएटर सुचवला. मालक म्हणाले, "जूनमध्ये घालूया. गाडी उभीच ऱ्हाणार हाय तेव्हा." मला ते पटलं, आणि अजूनही पटतं. कोपऱ्यातल्या नळ्या बंद असल्या तरी बाकीचा कोअर काम करत होता.

सायट्रिकनं दोनदा धुतलं, थर्मोस्टॅट बसवण्याआधी, म्हणजे पाणी अडणार नाही. कोपऱ्यातलं ५२ चं ६१ झालं, त्यापुढं हललं नाही. मधली फट मोकळी केली. नवा थर्मोस्टॅट, नवं ०.९ चं झाकण. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट. कूलंट घेताना रंग बघू नये, डब्यावरचा मानक क्रमांक बघावा. आय.एस. ५७५९ किंवा जे.आय.एस. के २२३४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हिरवं-लाल-निळं हा कंपनीच्या आवडीचा भाग. काढलेलं पाणी गटारात सोडलं नाही, कॅनमध्ये भरून ठेवलं. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री पितात आणि मरतात. आणि आमच्या भागातलं गटार शेवटी जयंती नाल्यातून पंचगंगेलाच जातं.

पंख्याच्या काउलचा (भोवतीच्या कवचाचा) खालचा तुकडा तुटलेला होता. वायरनं बांधून ठेवला.

संध्याकाळी मी स्वतः गाडी काढली. केर्लीवरून जोतिबाचा चढ. स्कॅनर मोबाइलला जोडलेला. सगळ्यात वर ९३. सपाटीला ८६-८७, म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. कोड गेला. गाडी दिली.

गाडी रिकामी होती.

गाडी परत आली

नऊ दिवसांनी पहाटे तीनला फोन. आंबा गाव दोन किलोमीटरवर असताना पाणी फेकलं. दुसरी गाडी बोलावून क्रेट हलवले, बर्फ बराच वितळला होता, मालाला भाव पडून मिळाला. सकाळी मालक आले तेव्हा ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मामांची हकीकत मात्र मला जास्त खटकली. "काटा लालात गेला. मग आपला आपण खाली आला की. म्हटलं थंड झाली, म्हणून तशीच दामटली जरा."

काटा खाली आला कारण सेन्सरच्या भोवतीचं पाणी संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तेव्हाच खरं सांगतो. वाफेत उघडा पडला की त्याला कमी दिसतं. म्हणजे ज्या घटकेला इंजिन सगळ्यात जास्त जळत होतं, त्याच घटकेला काटा "सगळं ठीक" सांगत होता. तशा अवस्थेत गाडी दोनएक किलोमीटर आली. डॅशबोर्डचा काटा तसाही सुस्त केलेला असतो. खरं तापमान ऐंशीचं शंभर झालं तरी तो मधोमध बसून राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून सगळ्यात आधी पुन्हा ब्लॉक टेस्ट. निळं. दाबही टिकला. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं नाही याचं श्रेय आमच्याकडं काही नाही, नशीब.

दुसरी फेरी

आता माझ्यापुढं जुनाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. पाण्याची बाजू बऱ्यापैकी सुधारली आहे, रिकामी गाडी चढ चढते, भरलेली तापते. राहिला वारा.

मी जॉबकार्ड उघडलं, "विस्कस ओके" वाचलं, आणि आठवलं की ती तपासणी मी सकाळी केली होती. रात्रभर थंड झालेल्या गाडीवर. विस्कस क्लचच्या आत सिलिकॉन तेल असतं. गाडी उभी राहिली की ते कामाच्या कप्प्यात उतरून बसतं, त्यामुळं सकाळी पंखा हाताला जड लागतो, आणि स्टार्ट केल्यावर पहिलं मिनिटभर घोंघावतो. चांगला क्लच असो की मेलेला, थोडं तेल उरलेलं असेल तर सकाळी दोघंही सारखेच. खरी परीक्षा गरम गाडीची. रेडिएटरमागची हवा तापते, क्लचच्या पुढची द्विधातूची पट्टी वळते, तेल सोडते आणि पंखा घट्ट धरला जातो. तेव्हा तो धरला गेला पाहिजे.

गाडी गरम केली, बंद केली, पंख्याला टिचकी मारली. दोन फेऱ्या मोकळा फिरला. क्लचच्या तोंडावर मधून बाहेर पसरलेले काळे चिकट ओघळ होते, धूळ बसलेले. हे पहिल्या दिवशीही असणारच. मी बघितले नव्हते.

तरी एवढ्यावर क्लच मागवायचा नाही असं ठरवलं. एकदा अंदाजानं गाडी दिली होती, आता दुसऱ्यांदा नाही. पंख्याच्या पात्यावर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोमीटर धरला. इंजिन २५०० वर, रेडिएटरमागची हवा चांगली तापलेली, पंखा फिरत होता ९०० नं. धरलेला क्लच याच्या दुपटीच्या वर गेला पाहिजे.

मग वाळूची पोती. शेजारच्या बांधकामावरून मागून आणली, मोजून १३०० किलो भरली. मालक वैतागले. "पुन्हा डिझेल जाळायचं?" मी म्हटलं, जुन्या क्लचवरच आधी चढवायची. तापली नाही तर माझंच निदान चुकलं, आणि ते घाटात पहाटे तीनला कळण्यापेक्षा वाघबीळला दुपारी कळलेलं बरं.

मे महिन्यातली दुपार. वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी मोबाइल घेऊन. ९४, ९७, १०१. तिसरा गिअर, इंजिन १४०० वर, धापा टाकतंय. १०५ ला मी मामांना दुसरा टाकायला सांगितला.

"दुसऱ्यात बोंबलतंय ओ. मालक म्हणत्यात डिझेल खातंय."

"टाका मामा."

इंजिन २४०० वर गेलं. पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन जोरात फिरलं की पाणी आणि हवा दोन्ही वाढतात. १०५ वर काही वेळ थांबलं, मग पुन्हा हळूहळू १०९. गाडी बाजूला घेतली, हीटर फुल्ल सोडून इंजिन आयडलला चालू ठेवलं आणि थंड होऊ दिली. म्हणजे मामांच्या गिअरची सवय हा दोषाचा एक भाग होता, पण मुख्य दोष क्लचच.

दुसऱ्या दिवशी नवा विस्कस क्लच आणि नवं काउल. वायरनं बांधलेला तुकडा मी पहिल्यांदा दुर्लक्षित केला होता, पण काउल नसलं की पंखा कोअरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची, इंजिनाकडचीच गरम हवा ओढून फिरवतो. रेडिएटर आणि बॉडी यांच्यामधली गळालेली रबरी पट्टीही बसवली. पंखा आता २५०० ला २२०० च्या आसपास. तीच पोती, तीच दुपार, तोच चढ, दुसरा गिअर: सगळ्यात वर १०१.

निकाल

मे महिना गाडी चालली. स्कॅनरचं डोंगल गाडीतच ठेवलं होतं. मामांचा मुलगा दर खेपेला सगळ्यात वरचा आकडा पाठवायचा. १०० ते १०४. माझ्या मते हे काठावरचंच होतं, कारण कोपऱ्यातल्या नळ्या बंदच होत्या. बंदी लागल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा रेडिएटर बसवला. त्यानंतर तीच पोती घेऊन पन्हाळा: ९६. ॲव्हरेज लिटरला दीड किलोमीटरनं सुधारलं असं मालक म्हणतात. मी मोजलेलं नाही.

दुसऱ्या फेरीची मजुरी घेतली नाही. सामानाचे पैसे घेतले.

वेगळं काय करता आलं असतं

विस्कस गरम असताना तपासायचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण तोपर्यंत थर्मोस्टॅट सापडला होता, झाकण सापडलं होतं, भुसा सापडला होता, आणि इतकं सगळं सापडल्यावर आणखी एक दोष शिल्लक असेल असं मनाला वाटेना. एकट्या दोषावर घाटात तापणारी गाडी मी क्वचित पाहिली आहे. बहुधा तीन-चार अर्धे दोष एकमेकांच्या मदतीला येतात. पहिल्यांदा जोतिबाला रिकामी गाडी नेली, ते तर कारण दिसत असूनही. तक्रार भरलेल्या गाडीची होती. वाळू तेव्हाही शेजारीच पडलेली होती.

ॲव्हरेजचं मामांचं वाक्य मी स्कॅनर लावण्याआधी वाचायला हवं होतं. कोड निघाला नसता तर थर्मोस्टॅटचं हाउसिंग कदाचित उघडलंही नसतं, कारण मालकांच्या तक्रारीत थंडीचा मागमूस नव्हता. आता जॉबकार्डवर आम्ही दोन ओळी वाढवल्या आहेत: माल किती, आणि चढ कुठला.

रेडिएटर लांबवला ही चूक होती का? एका मित्राचं म्हणणं आहे की होती, पहिल्याच दिवशी टाकला असता तर कमकुवत पंखाही खपून गेला असता. खपला असता, एखादा महिना. मग पुढच्या एप्रिलमध्ये मेलेला क्लच आणि नवा रेडिएटर घेऊन मालक आणखी एका गॅरेजात गेले असते.

काट्याचं मात्र मला गंभीर वाटतं. पहिल्याच दिवशी मामांना शेजारी बसवून सांगायला हवं होतं की काटा लालातून आपोआप खाली आला तर आनंद मानायचा नाही, तिथंच थांबायचं. ते सांगितलं नाही म्हणून जूनमध्ये रेडिएटरबरोबर एक बझरही बसवला. त्याचा सेन्सर पाण्यात नाही, हेडच्या बोल्टखाली आहे. पाणी संपलं तरी तो लोखंडाचं, खरं म्हणजे ॲल्युमिनियमचं, तापमान सांगतो. ११० ला वाजतो. वायरिंग जमलं का बघायला किल्ली फिरवली की एकदा कर्कश ओरडतो.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यावर गाडी ऑइल बदलायला आली. कूलंट स्वच्छ, पातळी बरोबर, झाकणाला हात लागलेला नाही. बझर वाजतोय का म्हणून किल्ली फिरवली, तर दबका कुंई असा आवाज आला. डॅशबोर्डच्या खाली हात घातला. बझरच्या तोंडात बारदानाचा तुकडा कोंबलेला होता.

"सकाळी सकाळी लई बोंबलतंय ओ ते," मामा म्हणाले.